ऑडिट

कॅगचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला की ‘ऑडिट’ हा शब्द सारखा कानावर पडतो. त्याचं मूळही कानाशीच आहे. लॅटिन ‘ऑडिरे’ म्हणजे ऐकणं. ऑडिटोरियम त्याच कुळातलं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमाखर्च मोठ्याने वाचला जाई आणि ऑडिटर तो ऐकून पडताळत असे. शिवकाळात राज्याचा जमाखर्च पाही मुजुमदार: अरबी ‘मज्मूअ’ म्हणजे एकत्र केलेली बेरीज, त्याला फारसी ‘दार’ जोडलेला. पुढे त्यालाच अमात्य म्हणू लागले.

आजचा महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, कागद तपासतो. घटनेच्या १४८व्या कलमानुसार त्याला पदावरून दूर करणं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकंच अवघड आहे. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत या पदाला फार वरचं स्थान दिलं, आणि ते योग्यच होतं. संसदेने मंजूर केलेला पैसा ठरल्या कामावरच गेला का, हे सरकारला विचारायला सरकारचा मिंधा नसलेला माणूसच हवा.

रोजगार हमीच्या सोशल ऑडिटमध्ये ग्रामसभेपुढे मजुरांची नावं आणि मजुरी आजही वाचून दाखवतात. शहरात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं, रुग्णालयांचं फायर ऑडिट.