स्थान-पेशी
प्राण्याला आपण कुठे आहोत हे कळण्यास मदत करणाऱ्या मेंदूतील चेतापेशी. त्या हिप्पोकॅम्पस या भागात असतात. जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी 1971 मध्ये उंदरांत त्या प्रथम नोंदवल्या. अशा प्रयोगात मेंदूत बारीक तारा बसवलेला उंदीर मोकळा फिरत असतो. एका ठरावीक कोपऱ्याशी तो पोचला की एखादी पेशी तडतडू लागते, कोपरा सोडला की गप्प होते. दुसऱ्या जागी दुसरी पेशी बोलते. दिवे मालवले तरी यांतल्या बऱ्याच पेशी आपली जागा सोडत नाहीत, आणि ही गोष्ट खरोखर थक्क करणारी आहे.

जागेबरोबर दिशेचीही नोंद होते: डोके कोणीकडे वळले आहे हे दिशा-पेशी सांगतात. 2005 मध्ये मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसशेजारच्या एन्टोरायनल बाह्यकात जाळी-पेशी दाखवल्या. त्या जमिनीवर षट्कोनी रचनेतील बिंदूंपाशी जाग्या होतात. ओकीफ व मोझर दांपत्याला 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र जागा आणि दिशा यांच्या नुसत्या भानाने वाट सापडत नाही, वाटेवरच्या खुणाही लागतात. सचिन देशमुख व जेम्स निरीम यांनी 2011 मध्ये उंदरांच्या एन्टोरायनल बाह्यकाच्याच बाहेरील भागात वस्तूंजवळ प्रतिसाद देणाऱ्या पेशी नोंदवल्या. देशमुख यांनी हे संशोधन पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चालवले.

अल्झायमरमध्ये एन्टोरायनल बाह्यकाला फार लवकर इजा होते. ओळखीच्या गल्लीत माणूस वाट चुकतो, त्याचे हे एक कारण मानले जाते.