समाजमाध्यमे आणि सामाजिक कार्यकर्त्यांची सुरक्षितता : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राला समाजसुधारणेची दीर्घ परंपरा लाभलेली आहे, तशीच सुधारकांना होणाऱ्या विरोधाचीही परंपरा आहे. समाजमाध्यमांमुळे कार्यकर्त्यांची सुरक्षितता धोक्यात आली, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सावित्रीबाई फुले यांच्यावर शाळेत जाताना शेण-चिखल फेकला गेला. गोपाळ गणेश आगरकर यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढण्यात आली. मार्च १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिक येथे काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. एप्रिलमधील रथोत्सवाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. या सर्व प्रसंगांत विरोध उघड होता आणि विरोधक समोर उभा होता.

एकविसाव्या शतकात हल्ल्याचे स्वरूप पालटले. माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे, तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे हत्या झाली. कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. तिन्ही हल्ले सकाळी फिरायला जाण्याच्या वेळेत झाले. कार्यकर्त्याचा ठरलेला दिनक्रम हल्लेखोरास ठाऊक असणे पुरेसे होते आणि त्यासाठी समाजमाध्यमांची गरज नव्हती. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली व तिघांची निर्दोष मुक्तता झाली. न्यायास लागलेला सुमारे पावणेअकरा वर्षांचा विलंब हाही असुरक्षिततेचाच एक भाग मानावा लागेल.

नाशिक ते पिंपरी : एका चळवळीचा प्रवास

समाजमाध्यमांचा प्रत्यक्ष संबंध जातपंचायतविरोधी चळवळीत स्पष्ट दिसतो. २०१३ मध्ये नाशिक येथे आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीची हत्या पित्यानेच केली. जातपंचायतीच्या दबावाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला व महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याविरुद्ध मोहीम हाती घेतली. या प्रयत्नांची परिणती सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात झाली. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये संमत केला व २०१७ मध्ये तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

याच सुमारास कंजारभाट समाजातील काही सुशिक्षित तरुण-तरुणींनी नववधूच्या कौमार्य परीक्षणाविरुद्ध 'स्टॉप द व्ही रिच्युअल' या नावाचा व्हॉट्सॲप गट स्थापन केला. गावोगावी विखुरलेल्या, घरात एकट्या पडलेल्या तरुणांना त्यामुळे सोबती मिळाले. परंतु जानेवारी २०१८ मध्ये पिंपरी येथे एका विवाहप्रसंगी या गटाशी संबंधित तीन तरुणांना मारहाण झाली. ज्या माध्यमाने त्यांना एकत्र आणले, त्यानेच त्यांची ओळख उघड केली. येथे विरोधक अनोळखी नव्हते, ते स्वसमाजातीलच होते. घर, नातेसंबंध, दूरध्वनी क्रमांक हे सारे त्यांना आधीच माहीत होते. मात्र वृत्तपत्रांनी दखल घेतली, पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याचा मनोदय राज्य शासनाने जाहीर केला. तात्पर्य, प्रसिद्धीने कार्यकर्त्यांना उघडे पाडले, तसेच बळही दिले.

कायद्याची मर्यादा

धमक्या रोखण्यासाठी अभिव्यक्तीवरच निर्बंध घालावेत, असा उपाय सुचविला जातो. नोव्हेंबर २०१२ मधील पालघरचा अनुभव मात्र वेगळा आहे. फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यांच्यापैकी एकीच्या नातेवाइकाच्या रुग्णालयाची जमावाने तोडफोड केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. संदिग्ध कायदा दुर्बलाच्याच विरोधात वापरला जातो, हे यातून दिसून येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, समाजमाध्यमांनी हिंसा निर्माण केली नाही. कार्यकर्त्याची सार्वजनिकता मात्र त्यांनी अनेक पटींनी वाढविली. पूर्वी दिनक्रम गल्लीस ठाऊक असे, आज तो जगास कळू शकतो. म्हणून नव्या निर्बंधांपेक्षा विशिष्ट व्यक्तीस दिलेल्या धमकीची तत्काळ नोंद, बहिष्कारविरोधी कायद्याची अंमलबजावणी व खटल्यांचा शीघ्र निकाल यांची अधिक गरज आहे. अंबडसारख्या औद्योगिक परिसरात निरनिराळ्या जातीजमातींतील कामगारांची मुले एकाच वर्गात शिकतात. अशा ठिकाणी रूढीविरुद्ध प्रथम बोलणारा विद्यार्थी एकटा पडणार नाही, याची दक्षता घेणे हे अध्यापकांचेही उत्तरदायित्व ठरते.