हालचाल रजिस्टर ते मोबाईल

शाळेतले हालचाल रजिस्टर आपल्या परिचयाचे आहे. कोण, कुठे, कशासाठी गेले, ते त्यात लिहायचे. संगणकावर असेच काहीसे १९७१ मध्ये आले. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ हा प्रोग्राम लिहिला. संगणकावर कोण आहे, किती वेळ त्याने कळ दाबलेली नाही, हे तो सांगे. पुढे ‘प्लॅन’ ही फाईल आली. तिच्यात आपला बेत आपणच लिहायचा.

२००९ मध्ये यान कूम यांनी व्हॉट्सॲप काढले, ते मुळात निरोपांसाठी नव्हे. फोनमधील नावापुढे ‘कामात आहे’ अशी स्थिती दिसावी, एवढाच हेतू होता. त्याच वर्षी ॲपलने सूचना आपोआप पोचवण्याची सोय केली. स्थिती बदलताच मित्रांना कळू लागले, लोक स्थितीतूनच बोलू लागले आणि निरोपसेवा जन्मली.

आम्हांला यात दोन धागे दिसतात. ‘प्लॅन’ आपण लिहितो. शेवटची कळ कधी दाबली, हे यंत्र लिहिते. ‘लास्ट सीन’ हा दुसऱ्याचाच वारस. मुलगी पोचल्याचे आईला कळणे आणि मुलीवर पाळत असणे, यांतली रेघ कुठे ओढायची? वर्गात विचारून पाहू या.