झोतावरून निदान : तापणारा लॅपटॉप आणि मंदावलेली हवा

लॅपटॉप चटका बसेल इतका तापला आणि जाळीतून हवा जेमतेम येत असली, की बहुतेक जण 'पंखा गेला' म्हणून मोकळे होतात. दुकानदारही पंखा बदलून देतो. कधी गुण येतो, कधी महिन्याभरात पुन्हा तेच रडगाणे. मंद झोत हे लक्षण आहे आणि त्यामागचे दोष निरनिराळे असतात. ते वेगळे ओळखायचे, तर उष्णता बाहेर कशी पडते हे आधी पाहायला हवे.

लॅपटॉप जी वीज खातो, तिची शेवटी जवळपास सगळीच उष्णता होते. प्रोसेसरच्या नखाएवढ्या चकतीतून ती थर्मल पेस्टच्या पातळ थरात जाते, तिथून तांब्याच्या पट्टीत आणि मग चपट्या उष्णतानळीत. ही नळी दिसते भरीव, पण असते पोकळ. आत अगदी कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते माघारी झिरपते. थंड टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा ढकलतो. हे टप्पे एकामागोमाग असल्याने एकही टप्पा अडला, तरी बाकीच्यांचा चांगुलपणा वाया जातो.

हवा किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. ३० वॅट उष्णता काढायची आणि हवेचे तापमान २० अंशांनी वाढू द्यायचे, तर सेकंदाला साधारण सव्वा लिटर हवा जाळीतून जायला हवी. ती निम्म्यावर आली की तेवढ्याच कामाला हवा ४० अंशांनी तापते. खोलीत ३० अंश असतील, तर बाहेर पडणारी हवाच ७० अंशांवर जाते. प्रोसेसर तिच्याही बराच वर. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच वेग घटवतात. 'लॅपटॉप हँग होतोय' या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. रॅम वाढवून ती जात नाही.

आता निदान. लॅपटॉपवर जड काम लावा, एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारख्या मोफत प्रोग्रॅमवर तापमान बघा आणि तळहात जाळीपाशी धरा. झोत जोरदार आणि हवा गरम असेल, तर यंत्रणा आपले काम करते आहे. उष्णताच जास्त तयार होते आहे, म्हणून मागे कोणता प्रोग्रॅम चालतो ते शोधा. झोत जोरदार, हवा कोमट आणि प्रोसेसर मात्र ९५ वर, असे दिसले तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही. संशय पेस्टवर घ्यावा, क्वचित नळीवर. झोत मंद आणि पंख्याचा आवाजही मंद किंवा घरघरता असेल, तर पंखा खरोखर थकला आहे, नाहीतर निर्मात्याच्या प्रोग्रॅममध्ये 'सायलेंट' मोड लागलेला आहे. स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याआधी तो मोड बदलून पाहावा; फुकटचा उपाय आहे.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार चौथा : पंखा कानठळ्या बसवतो, झोत मात्र फुंकरीइतका आणि हवा भाजणारी. वाट बंद झाली की या जातीच्या पंख्यावरचा भार कमी होतो, कारण तो हवा हलवतच नाही. त्यामुळे तो उलट थोडा जास्तच वेगाने फिरतो. म्हणूनच नुसत्या आवाजावर भरवसा ठेवू नये.

तळाचे झाकण उघडून पंख्याचे आवरण काढले, की कारण डोळ्यांसमोर येते. जाळीच्या पात्यांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट असते. गादी-चादरीचे तंतू, केस आणि धूळ पंख्यातून पार होतात आणि या फटींच्या तोंडाशी अडकतात. हळूहळू तिथे नमद्यासारखी करडी पट्टी तयार होते. चिमट्याने धरली तर ती बऱ्याचदा अखंड सोलून निघते. गंमत म्हणजे ती पंखा आणि जाळी यांच्या मधोमध असते. बाहेरून बघाल तर पाती लख्ख.

म्हणूनच बाहेरून ब्लोअर मारण्याचा उपाय मला पटत नाही. उलटा झोत ती पट्टी पंख्यात ढकलतो, तिचे तुकडे पंख्याच्या पात्यांत अडकतात आणि उरलेले काही दिवसांत पुन्हा जागेवर बसतात. झाकण उघडणे हाच खरा मार्ग. चार्जर काढा, यंत्र पूर्ण बंद करा आणि आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात. कागदावर झाकणाचा आकार काढून ज्या त्या जागी ठेवावेत. लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर तो वरच्या बाजूने बाहेर येऊ शकतो. पट्टी काढून उरलेल्या धुळीवर हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकळा सोडला तर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब करतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, कारण त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

पेस्टचे काम दुसऱ्या टप्प्यावर, आणि गरज असेल तरच. हवा उष्णता तांब्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट मंद वाहते, म्हणून चकती आणि तांब्याची पट्टी यांच्यातली सूक्ष्म पोकळी भरणे महत्त्वाचे. गरम-थंड होता होता पेस्ट कडेला सरकते, सुकते. हीटसिंकचे, म्हणजे पट्टी-नळी-जाळीच्या जोडणीचे, स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करून सोडावेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी, पातळ आणि सारखी. शेजारच्या चिपांवरचे रबरी पॅड काढून तिथे पेस्ट लावण्याची चूक काही दुकानांत सर्रास होते. तिथली फट मोठी असते, पेस्ट ती भरू शकत नाही.

पंखाच थकला असेल तर बोटाने ढकलल्यावर तो फेरे न घेता अडतो किंवा आसावर डुगडुगतो. तेलाचा थेंब तात्पुरता चालतो. नवा घेताना मॉडेल पुरेसे नाही, जुन्या पंख्यावरचा भाग क्रमांक आणि कनेक्टरच्या तारा जुळवाव्यात. दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये डावा-उजवा वेगळा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना पंखा सोबत न्यावा.

कूलिंग पॅडबद्दल एवढेच : हवा तळातून आत जात असेल तर थोडा उपयोग होतो, जाळी तुंबली असेल तर शून्य. काम अडलेच असेल, तर विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करावी. बहुतेक यंत्रांत त्याने टर्बो, म्हणजे जादा वेगाची सोय, बंद होतो आणि तापमान लगेच उतरते. वेग थोडा जातो.

बहुतेक निर्माते वापराच्या जागेची मर्यादा ३५ अंश सांगतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ ला टेकतो, आणि खोलीचे तापमान जितके चढते, तितकाच साधारण प्रोसेसरही. तेव्हा विदर्भातल्या वाचकांनी ही साफसफाई मार्चमध्येच उरकावी, आणि लॅपटॉप गादीवर ठेवणे आजपासून बंद करावे.