टेबलावरचा ससा आणि माझी खोडलेली ओळ

जर्मनीत ईस्टरला जेवणाचं टेबल कसं सजतं, ते आधी डोळ्यांसमोर आणा. मधोमध पालवी फुटलेल्या डहाळ्या, त्यांना टांगलेली पोकळ रंगीत अंडी, साच्यात भाजलेला कोकराच्या आकाराचा केक आणि शेजारी एक ससा. माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी याबद्दल एक वाक्य ठोकून दिलं होतं: ‘ससा आणि अंडी ही प्राचीन जर्मन देवी ओस्टारा हिची प्रतीकं होत.’ गाईडनी समासात दोनच शब्द लिहिले, ‘कोण म्हणतं?’

माझ्याकडे दोन पुस्तकांचे संदर्भ होते. दोन्हींत हे विधान होतं, पुरावा एकातही नव्हता. मग मी मूळ शोधत मागे गेले. काय सापडलं ते सनावळीनं सांगते.

इ. स. 725 मध्ये इंग्लंडमधला भिक्षू बीड कालगणनेवरच्या ग्रंथात लिहितो, की एका महिन्याचं नाव एओस्त्रे या देवीवरून पडलं आणि त्या महिन्यात तिचे उत्सव होत. बस, इतकंच. ससा नाही, अंडं नाही.

1682 मध्ये फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ हा जर्मन वैद्य अल्सास भागातली समजूत नोंदवतो: ससा अंडी घालतो, बागेत लपवतो आणि मुलं ती शोधतात. इथे ससा आहे, पण देवी नाही.

1835 मध्ये याकोब ग्रिम बीडच्या देवीवरून जर्मन ‘ओस्टारा’ची कल्पना मांडतो. 1874 मध्ये आडोल्फ होल्ट्समान म्हणतो, की ईस्टरचा ससा आपल्याला उलगडत नाही, बहुधा तो ओस्टाराचा प्राणी असावा. पुढच्या पुस्तकांत हे ‘बहुधा’ गळालं आणि अंदाजाचा इतिहास झाला!

मग अंडी टेबलावर कशी आली? त्यासाठी स्वयंपाकघरात शिरावं लागतं. ईस्टरआधी 40 दिवसांचा उपासकाळ असतो. मध्ययुगात त्यात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या काही उपास पाळत नाहीत. उलट वसंतात त्या जास्तच अंडी घालतात. श्रावण सुटल्यावर मटणाच्या दुकानापुढे रांग का लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं समजावायला नको. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या हिशेबात ईस्टरसाठी 450 अंड्यांची खरेदी आहे, किंमत 18 पेन्स. म्हणजे एका पेनीला 25 अंडी. 1614 च्या रोमन विधिग्रंथात ईस्टरच्या कोकरासाठी, पावासाठी आणि अंड्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना आहेत. कोकराचा अर्थ तर थेट बायबलमधला: ख्रिस्त हा देवाचा कोकरा.

याचा अर्थ ईस्टरमध्ये ख्रिस्तपूर्व काहीच नाही, असा घेऊ नका. फक्त ससा आणि देवी यांची सांगड 19व्या शतकातल्या तर्कावर उभी आहे, एवढंच म्हणता येतं. मी ती ओळ खोडली आणि उपासाबद्दल दोन पानं लिहिली.

आता तुमच्या प्रस्तावातलं सगळ्यात आवडतं वाक्य घ्या. त्यातली प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा कोणी, कोणत्या साली लिहिली, ते शेजारी मांडा. एखादी जागा रिकामी राहिली, तर तिथूनच कामाला लागा.