अढीतली ऊब आणि पुडीतली घाई

आम्ही बागवान. शब्द फारसी, अर्थ बाग राखणारा. पण आमच्या घरात बाग कुणाचीच नव्हती. होता तो फळांचा धंदा, आणि मार्केट यार्डातला एक गाळा.

आजोबा आंब्याची अढी लावायचे. भाताचा पेंढा, त्यावर कच्चा हापूस, वर पुन्हा पेंढा. तीन दिवसांनी माझा हात धरून आत घालायचे आणि विचारायचे, "गरम लगा?" लागायचं. विस्तव कुठेच नसायचा, मग ही ऊब कुठून? शाळेत उष्मादायी अभिक्रिया शिकलो तेव्हा कळलं. पिकताना आंब्याचा श्वास वाढतो, तो आपल्यातलीच थोडी साखर ऑक्सिजनशी जाळतो. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळालं की सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता निघते. चुलीत भडकन जाळा किंवा फळात हळूहळू, एकूण हिशोब तोच. हा नियम जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गला मांडला. पेंढा फक्त ती ऊब आणि फळातून निघणारा इथिलीन वायू धरून ठेवतो. फळं स्वतःच इथिलीन सोडतात, हे सिद्ध व्हायला मात्र १९३४ साल उजाडलं. अढी लावणारे त्याच्या कितीतरी आधीपासून लावत होते.

मग पुडी आली. कॅल्शियम कार्बाइड १८६२ मध्ये व्होलर यांनी प्रयोगशाळेत बनवलं होतं, पण ते स्वस्त झालं १८९२ नंतर. अमेरिकेत थॉमस विल्सन विजेच्या भट्टीत दुसराच धातू काढायला बसले होते, हाती आलं कार्बाइड. चुनकळी आणि कोळसा २,००० अंशांच्या वर तापवावा लागतो. ही अभिक्रिया उष्माग्राही, म्हणजे उष्णता पिऊन घेणारी. पाणी लागलं की कार्बाइड ॲसिटिलीन वायू, चुना आणि उष्णता देतं. त्यावर सायकलींचे आणि खाणकामगारांचे दिवे जळाले. पुढे हेच खडे कागदात बांधून आंब्याच्या पेटीत गेले, कारण ॲसिटिलीन थोडंफार इथिलीनसारखं वागतं.

६४ ग्रॅम कार्बाइडमागे सुमारे १२८ किलोज्यूल, म्हणजे ग्रॅमला दोन. साखरेचे ग्रॅमला साडेपंधरा! उष्णता साखरेतच जास्त, फरक वेगाचा. आंबा जे काही दिवसांत खर्च करतो, ते खडा मिनिटांत करतो. दहा ग्रॅमची पुडी पेलाभर पाणी वीसेक अंशांनी तापवू शकते. माझ्या चुलत्यांनी घामेजल्या हातात खडे धरले होते. उष्णता आणि चुना दोन्हींनी तळवा सोलला. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. आणि फळ? कोवळा आंबाही वरून पिवळा होतो, आत आंबटच.

बंदी नवी नाही. जुन्या भेसळ प्रतिबंधक नियमांतही ती होती, २०११ च्या नियमांतही आहे. तरी आमच्या गाळ्यावर पुडी चालली, हे मी लपवणार नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान ऐन आंब्याच्या हंगामात आला. इफ्तारच्या दस्तरखानासाठी गिऱ्हाईक आजच पिवळी पेटी मागत होतं, आणि पाक रोजीची भाषा करणारे आम्ही ती देत होतो. आजोबा त्या दिवसांत गाळ्यावर यायचे, पेट्यांकडे बघायचे, काही न बोलता परत जायचे.

२०१६ पासून इथिलीन वायूला परवानगी आहे, दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत. आता आमचा माल रायपनिंग चेंबरमध्ये जातो. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा थंडी वाजली. फळ पिकवायला थंडी कशाला, असं मी विचारलं. तिथला माणूस म्हणाला, इतके टन फळ श्वास घेतं, स्वतःच्याच उष्णतेनं उकडून जाईल. म्हणून कूलिंग दिवसरात्र चालू. आजोबांनी पेंढ्यात जपलेली तीच ऊब आता वीज जाळून बाहेर काढावी लागते, आणि तिचं बिल दरमहा आमच्या नावावर येतं.