उतारवयांतील खेळाडू आणि संघाचा हिशेब

आमचें पांढरकवडा हें नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचें, कापसावर जगणारें गांव. संध्याकाळीं मैदानावर मुलें चेंडू घेऊन जमतात आणि कडेला आम्ही सेवानिवृत्त मंडळी बसतों. परवां तेथें एक वाद निघाला. एखाद्या फुटबॉल क्लबानें आपला नामांकित पण वय झालेला खेळाडू, त्याला बाजारांत किंमत येत आहे तोंच विकून टाकावा, कीं शेवटपर्यंत जपावा? एक तरुण म्हणाला, "गुरुजी, चेंडूला वयाचा मान कळत नाहीं." आमच्यांतल्या एका वृद्धानें कृतज्ञतेचा पक्ष घेतला. दोघांचेंही म्हणणें लोकांना पटलें. निर्णय मात्र झाला नाहीं. अशा प्रसंगीं इतिहासाला साक्षीस बोलवावें, ही माझी मास्तरकीच्या दिवसांपासूनची खोड आहे.

पहिली साक्ष इंग्लंडांतील. मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या स्टोक शहराच्या परिसरांत 1 फेब्रुवारी 1915 रोजीं स्टॅन्ली मॅथ्यूजचा जन्म झाला. स्टोक सिटी हा त्याच्या गांवचाच क्लब. त्याच्याकडून तो अगदीं तरुणपणीं खेळूं लागला. उजव्या बगलेवरून चेंडू पायाशीं खेळवीत तो निघाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला वाट सुचत नसे. पुढें व्यवस्थापकाशीं त्याचें पटेनासें झालें. दुखापतींतून बरा होऊन आलेल्या या नामांकित खेळाडूला राखीव संघांत खेळण्यास सांगण्यांत आलें. मनें दुरावलीं. अखेर मे 1947 मध्यें, बत्तीस वर्षांच्या मॅथ्यूजला स्टोकनें 11,500 पौंडांस ब्लॅकपूल क्लबास विकलें.

त्या वेळीं हंगाम संपलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. विजेतेपद स्टोकच्या अगदीं हाताशीं आलें होतें. जूनमध्यें शेफील्ड युनायटेडशीं झालेला शेवटचा सामना जिंकला असता, तर पहिलें स्थान त्यांचें होतें. तो सामना ते हरले आणि चौथे आले. मॅथ्यूज असता तर ते जिंकलेच असते, असें इतिहास म्हणत नाहीं. परंतु स्टोकला तें विजेतेपद पुढें कधींही मिळालें नाहीं.

ज्याची उमेद संपत आली असें मानलें गेलें, त्या खेळाडूचें पुढें काय झालें? 1953 च्या एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत ब्लॅकपूल 3-1 असा मागें पडला असतां अडतीस वर्षांच्या मॅथ्यूजनें बगलेवरून हल्ल्यामागून हल्ले चढविले आणि सामना 4-3 असा फिरला. 1956 मध्यें युरोपांतील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बहुमान प्रथमच देण्यांत आला, तो एकेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूजला. आणि 1961 मध्यें, दुसऱ्या श्रेणींत घसरलेल्या त्याच स्टोकनें त्याला साडेतीन हजार पौंड देऊन परत आणलें. तेव्हां तो शेहेचाळीस वर्षांचा होता! त्याच्या येण्यापूर्वींच्या घरच्या सामन्यास 8,409 प्रेक्षक होते; तो परतला त्या दिवशीं 35,974 आले. 1963 मध्यें स्टोक पुन्हां पहिल्या श्रेणींत चढला. शेवटचा सामना तो फेब्रुवारी 1965 मध्यें खेळला, तेव्हां त्यानें पन्नाशी पुरी केली होती.

आतां कोणी म्हणेल, हा अपवाद. पण असे अपवाद आपल्या मराठी मुलुखांतही आहेत. पुण्याचे प्रोफेसर दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राचें कर्णधारपद सांभाळीत. 1944 मध्यें, बावन्न वर्षांचे असतांना, त्यांनीं रणजी करंडकाच्या एकाच सामन्यांत दोन शतकें केलीं. आपल्या नागपुरांत 1895 सालीं जन्मलेले कर्नल सी. के. नायडू ह्यांना इंदूरच्या होळकर महाराजांनीं पदरीं ठेवलें. पन्नाशी ओलांडल्यावरही ते होळकर संघाचे कर्णधार राहिले आणि त्या संघानें रणजी करंडक चार वेळां जिंकला. विदर्भाचें हें रत्न. पण त्याचें तेज इंदुरांत फांकलें.

या ऋणाची फेड दैवानें मोठ्या चमत्कारिक रीतीनें केली. 1957-58 पासून रणजी करंडकांत खेळणाऱ्या विदर्भ संघाला अंतिम सामना कसा असतो, हें साठ वर्षें ठाऊक नव्हतें. मुंबईसाठीं जवळजवळ दोन दशकें खेळलेला वसीम जाफर वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, 2015 मध्यें, विदर्भाकडे आला. पुढें दुखापतीमुळें त्याचा 2016-17 चा हंगाम वायां गेला. निव्वळ जमाखर्च पाहणाऱ्यानें तेथेंच खातें बंद केलें असतें. विदर्भानें केलें नाहीं; आणि पुढच्या हंगामांत जाफर मानधन न घेतां खेळला. 1 जानेवारी 2018 रोजीं, फैज फजलच्या नेतृत्वाखालीं, विदर्भानें दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला. आणि कोठें जिंकला? इंदुरांत, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर! त्याच वर्षीं मार्चमध्यें इराणी करंडकाच्या सामन्यांत जाफरनें 286 धावा काढल्या. पुढील हंगामांत हजारांहून अधिक धावा करून त्यानें संघाला पुन्हां विजेता केलें.

मात्र मला याहूनही बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. जाफर 2020 मध्यें निवृत्त झाला. त्यानंतर 2024-25 मध्यें विदर्भानें तिसऱ्यांदा करंडक जिंकला आणि त्या अंतिम सामन्यांत दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या तरुणानें 153 धावांची खेळी केली. वडील माणूस घरांतून गेल्यावरही घर उभें राहिलें, तर त्याचें असणें सार्थकीं लागलें असें समजावें. ज्याच्या पश्चात् संघ कोसळतो, तो खेळाडू कितीही थोर असो, त्याला इतकीं वर्षें कवटाळण्यांत संघाची चूकच झाली.

आतां दुसरी बाजू. तिच्यासाठीं मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका फुटबॉल संघाच्या निवड समितींत मी होतों. आमचा बचावपटू चाळिशीला आला होता. त्याच्या जागेसाठीं सतरा वर्षांचा एक चपळ मुलगा वाट पाहत होता. आम्ही मुलाला घेतलें. तो निर्णय योग्य होता, असेंच मी आजही म्हणेन. त्या मुलाला आणखी दोन वर्षें बसवून ठेवणें हा अन्याय झाला असता. पण त्या गृहस्थांना सांगण्याचें धैर्य आम्हांपैकीं एकालाही झालें नाहीं. आम्ही यादी लिहून भिंतीवर चिकटवली. ते बूट कांखेंत घेऊन आले, यादी वाचली आणि कांहीं न बोलतां परत गेले. पुन्हां ते मैदानावर कधीं दिसले नाहींत. त्या मुलाला शिकवण्यासारखें त्यांच्यापाशीं जें होतें, तेंही त्यांच्याबरोबरच गेलें. पुढें माझ्या सेवानिवृत्तीचा कागद हातीं आला, त्या दिवशीं मला त्यांच्या कांखेंतले ते बूट आठवले.

तेव्हां, श्रोतेहो, खेळाडूचें वय काय, हा खरा प्रश्नच नव्हे. त्याचें काम शिल्लक आहे कीं नाहीं, हा प्रश्न आहे. पायांचा वेग उतरला तरी डोळ्यांची जाण आणि सोबत्यांना दिलेला धीर शिल्लक राहूं शकतो. तो असेल तर त्याला ठेवावें. दयेपोटीं ठेवूं नये, कारण त्यांत त्याचाही अपमान आहे आणि वाट पाहणाऱ्या तरुणाचेंही नुकसान आहे. तसेंच मनांत अढी धरून त्याला विकूंही नये. स्टोकनें जी किंमत मोजली ती साडेअकरा हजार पौंडांत भरून येणारी नव्हती. आणि निरोप द्यावयाचाच झाला, तर तो समोर बसवून, त्याचा हात हातीं घेऊन द्यावा. भिंतीवरच्या कागदानें देऊं नये.

परवांचा वाद अजून मिटलेला नाहीं. उद्यां संध्याकाळीं मैदानाच्या कडेला तो पुन्हां निघेल. माझें मत मीं आपणांपुढें मांडलें. आपल्या घरीं, थोरांनीं आणि मुलांनीं मिळून, त्याचा विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.